ही फाइल कोणाची?

एखाद्या शाळेतील वर्गाचे कपाट डोळ्यांसमोर आणा. वर्गात ४० मुले आहेत आणि प्रत्येकाची प्रयोगवही या कपाटात ठेवलेली असते. वह्यांवर नावे नाहीत; हजेरीपटावरचे क्रमांक तेवढे घातलेले आहेत. वर्षभर काही अडचण येत नाही. पुढच्या जूनमध्ये १२व्या क्रमांकाचा मुलगा वडिलांच्या बदलीमुळे शाळा सोडून जातो. गुरुजी नवा हजेरीपट वर्णानुक्रमाने लिहितात. जो १३वा होता तो १२वा होतो, १४वा होता तो १३वा होतो आणि शेवटपर्यंत सर्वांचे क्रमांक एकेकाने सरकतात. वह्यांवरचे क्रमांक मात्र जुनेच राहतात.

आता गुरुजी म्हणतात, "आपापल्या क्रमांकाची वही घ्या." काय होईल? पहिल्या ११ मुलांना स्वतःची वही मिळेल. उरलेल्या २८ मुलांच्या हाती दुसऱ्याचीच वही येईल. ४० क्रमांकाची वही कपाटात तशीच पडून राहील, कारण त्या क्रमांकाचे आता वर्गात कोणी नाही.

वर्गात ही चूक क्षणात उघडकीस येईल. मुले अक्षर ओळखतील, हसतील आणि वह्या बदलून घेतील. पण संगणकाला कोणाचे अक्षर ओळखता येत नाही. तो क्रमांक पाहतो आणि वही देऊन टाकतो. लिनक्स या कार्यकारी प्रणालीत फाइलींची मालकी नेमकी अशीच, क्रमांकावर चालते. एकाच वेळी पुष्कळ संगणकांवर लिनक्स आपोआप बसवायचे असते, तेव्हा या साध्या गोष्टीचा विसर पडला तर काय घडते, ते आज आपण पाहू.

संगणकाचा हजेरीपट

लिनक्सचे मूळ युनिक्स या प्रणालीत आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सच्या कामाला आरंभ केला. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे, तर कोणती फाइल कोणाची याची नोंद हवीच. त्या काळी संगणकाची स्मृती अतिशय तुटपुंजी होती. प्रत्येक फाइलीसोबत मालकाचे पूर्ण नाव लिहून ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून फाइलीसोबत मालकाचा क्रमांक लिहावा आणि कोणता क्रमांक कोणाचा हे एकाच यादीत पाहावे, अशी योजना झाली. आरंभीच्या युनिक्समध्ये या क्रमांकासाठी अवघ्या ८ बिटांची जागा होती. ८ बिटांत ० ते २५५ असे २५६ क्रमांक मावतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स सुरू केले, तेव्हा त्यात १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंतचा क्रमांक होता. २००१ साली आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीपासून तो ३२ बिटांचा झाला. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रमांक बसतात.

नाव आणि क्रमांक यांची जोडी सांगणारी यादी आजही एका साध्या फाइलीत असते. 'पासवर्ड' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील काही अक्षरे गाळून तिचे नाव 'पासडब्ल्यूडी' ठेवलेले आहे. तिच्यातील एक ओळ देवनागरीत लिहिली तर अशी दिसेल:

सुनीता : एक्स : १०३५ : १०३५ : सुनीता, इयत्ता नववी : /होम/सुनीता : /बिन/बॅश

या ओळीत सात रकाने आहेत. पहिल्यात नाव आहे. दुसऱ्यात पूर्वी पासवर्डाचे सांकेतिक रूप असे. ही यादी सर्वांना वाचता येते, म्हणून आता ते रूप दुसऱ्या गुप्त फाइलीत ठेवतात आणि इथे नुसती 'एक्स' ही खूण असते. तिसऱ्या रकान्यात वापरकर्त्याचा क्रमांक आहे आणि आपल्या विषयाचा गाभा तोच. चौथ्यात गटाचा क्रमांक, पाचव्यात वर्णन, सहाव्यात सुनीताच्या फोल्डरचा पत्ता आणि सातव्यात तिने प्रवेश केल्यावर कोणता कार्यक्रम सुरू करायचा ते लिहिलेले असते.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सुनीता एखादी फाइल तयार करते तेव्हा डिस्कवर मालक म्हणून १०३५ हा आकडा लिहिला जातो, 'सुनीता' हे नाव लिहिले जात नाही. पडद्यावर फाइलींची यादी पाहताना मालकाचे नाव दिसते खरे. पण ते त्या क्षणी हजेरीपटात १०३५ हा क्रमांक शोधून दाखवलेले असते. उद्या हजेरीपटात १०३५ समोर 'सुहास' असे लिहिले, की सुनीताच्या सगळ्या फाइली तत्काळ सुहासच्या होतात. त्यासाठी एकाही फाइलीला हात लावावा लागत नाही.

माणसे नसलेली खाती

ही यादी उघडून पाहिलीत तर एक नवल दिसेल. घरच्या संगणकावर काम करणारी माणसे दोन किंवा तीन असतात, पण यादीत तीसचाळीस नावे असतात. ही बाकीची मंडळी कोण?

ती सेवांची खाती होत. छपाई सांभाळणारी सेवा, संकेतस्थळ दाखवणारी सेवा, माहितीचा साठा राखणारी सेवा अशा अनेक सेवा संगणकावर सतत चालू असतात. त्यांतील बऱ्याच सेवांना स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. या खात्यांना बहुधा पासवर्ड नसतो आणि त्यांच्या नावाने कोणाला पडद्यासमोर बसून प्रवेश करता येत नाही.

असे का करतात? वाड्यातील प्रत्येक नोकराला त्याच्या कामाच्या खोलीचीच किल्ली द्यावी, हे शहाणपण त्यामागे आहे. संकेतस्थळाच्या सेवेत एखादी चूक राहिली आणि तिचा फायदा घेऊन कोणी चोर आत शिरला, तर त्याच्या हाती त्या सेवेच्या खोलीची किल्ली लागेल. बाकीच्या खोल्या बंदच राहतील. सर्व खोल्या उघडणारी किल्ली '०' या क्रमांकाकडे असते. त्याचे नाव 'रूट'. शून्य क्रमांकाला फाइलींवरच्या नेहमीच्या परवानग्या आडव्या येत नाहीत.

क्रमांकांच्या वाटणीचेही नियम आहेत. डेबियन या लिनक्स वितरणात ० ते ९९ हे क्रमांक कायमचे ठरलेले असतात, १०० ते ९९९ हे सेवांना लागतील तसे वाटले जातात आणि माणसांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. संकेतस्थळाच्या सेवेचा क्रमांक डेबियनमध्ये ३३ आहे. रेड हॅटच्या लिनक्समध्ये तोच ४८ आहे. एकीकडची डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर काम तेच असूनही मालक जुळणार नाही.

नियम काळानुसार बदलतातही. रेड हॅटच्या लिनक्समध्ये पूर्वी माणसांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत. त्याच कुळातील फेडोरा या वितरणाने २०११ साली ही सीमा १००० वर नेली आणि २०१४ साली आलेल्या रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीनेही तेच केले. त्यामुळे जुन्या यंत्रावर ५०० क्रमांक असलेला माणूस नव्या नियमानुसार सेवांच्या रांगेत जाऊन बसला! ज्यांनी संगणक बदलले, त्यांना या गोष्टीकडे लक्ष द्यावे लागले.

प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवणे

एका संगणकावर लिनक्स बसवताना तो आपल्याला प्रश्न विचारतो. भाषा कोणती? कळफलक कोणता? डिस्कचे भाग कसे पाडू? कोणाकोणाची खाती उघडू? एका यंत्रापुरते हे ठीक आहे. पण प्रयोगशाळेत वीस यंत्रे असतील तर? तीच उत्तरे वीस वेळा द्यायची, आणि माणूस म्हटला की एखाद्या यंत्रावर एखादे उत्तर निराळे पडायचेच.

यावर उपाय म्हणजे उत्तरपत्रिका आधीच लिहून ठेवणे. रेड हॅटच्या पद्धतीला 'किकस्टार्ट' म्हणतात, डेबियनच्या पद्धतीला 'प्रीसीड'. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात टॉमस लांगे यांनी १९९९ साली याच कामासाठी आणखी एक साधन तयार करण्यास आरंभ केला. मूळ कल्पना सर्वांची एकच. उत्तरांची फाइल यंत्राला द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे. यंत्र डिस्कचे भाग पाडते, आज्ञावली उतरवून घेते, खाती उघडते आणि पुन्हा सुरू होते.

मोठ्या संस्थांना तर याशिवाय गत्यंतर नाही. २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. महासंगणक म्हणजे बहुधा जाळ्याने जोडलेल्या शेकडो किंवा हजारो संगणकांचा समूहच असतो. पुण्याच्या आयसर या संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणक अशाच समूहाचे उदाहरण आहे. इतक्या यंत्रांपुढे एकेक करून कोण बसणार?

परंतु उत्तरपत्रिकेतील एक चूक आता एका यंत्रात न राहता सर्व यंत्रांत एकाच वेळी उतरते. मालकीच्या बाबतीत अशा तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक: क्रमांक नशिबावर सोडणे

उत्तरपत्रिकेत नुसती नावे लिहिली आणि क्रमांक लिहिले नाहीत, तर यंत्र पुढचा मोकळा क्रमांक देते. समजा, सुरुवातीला दिलेल्या वर्गातील ४० मुलांची खाती संगणकावर उघडली आणि त्यांना हजेरीपटाप्रमाणे १००१ ते १०४० असे क्रमांक मिळाले. प्रत्येकाचे फोल्डर वेगळ्या डिस्कवर आहे आणि मालकाखेरीज कोणी ते उघडू नये अशी व्यवस्था आहे. सुधीर १०३४, सुनीता १०३५ आणि सुहास १०३६.

उन्हाळ्याच्या सुटीत लिनक्स नव्याने बसवले. मुलांच्या फाइलींची डिस्क जपून तशीच ठेवली, हे चांगलेच झाले. पण खाती नव्या यादीतून उघडली आणि १२वा मुलगा त्या यादीत नव्हता. आता सुनीताला १०३४ मिळाला आणि सुहासला १०३५.

शाळा सुरू झाल्यावर सुनीता संगणकासमोर बसली. तिचा पासवर्ड बरोबर आहे, संगणक तिला नावाने ओळखतोही. पण तिच्याच नावाचे फोल्डर तिला उघडत नाही. तिचा वर्षभराचा प्रकल्प मात्र सुहास वाचू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. सुहासने काही लबाडी केलेली नाही. त्याला याची कल्पनाही नसेल. २८ मुलांची अशीच गत झाली. शेवटच्या मुलाच्या फाइलींसमोर नावाच्या जागी नुसता १०४० हा आकडा दिसतो, कारण त्या क्रमांकाचे हजेरीपटात कोणी उरले नाही. आणि बसवण्याच्या वेळी पडद्यावर चुकीची एकही सूचना आली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच चुकलेले नव्हते.

सेवांच्या बाबतीतही हेच होते. डेबियनमध्ये सेवांना पूर्वापार १०० पासून वर चढत क्रमांक देतात. रेड हॅटमध्ये ९९९ पासून खाली उतरत. एका यंत्रावर छपाईची सेवा आधी बसली आणि दुसऱ्यावर माहितीसाठ्याची, तर दोघींचे क्रमांक दोन्ही यंत्रांवर निरनिराळे येऊ शकतात. 'पोस्टग्रेस' हा माहितीसाठा सांभाळणारा कार्यक्रम या बाबतीत सावध आहे. आपल्या फोल्डरचा मालक भलताच आहे असे दिसले, तर तो सुरू होण्यास नकार देतो. काम अडते, पण माहिती वाचते. सर्वच कार्यक्रम इतके दक्ष नसतात.

दुसरी चूक: रूटच्या हातून मांडलेले घर

लिनक्स बसवण्याचे सर्व काम शून्य क्रमांकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालते. साहजिकच त्या वेळी तयार झालेली प्रत्येक फाइल रूटच्या मालकीची होते. शिक्षकांनी उत्तरपत्रिकेच्या शेवटी 'प्रत्येक मुलाच्या फोल्डरात धड्यांच्या फाइली ठेव' अशी आज्ञा लिहिली, तर फाइली तिथे पोचतात खऱ्या, पण मालक राहतो रूट. मुलांना धडे वाचता येतात आणि उत्तरे लिहून जतन करू गेले की नकार मिळतो. फोल्डरच रूटच्या नावावर राहिले, तर मुलाला त्यात नवी फाइलही ठेवता येत नाही.

म्हणून फाइली ठेवल्यावर मालकी सोपवण्याची आज्ञा द्यावीच लागते. तिचे नाव 'चाउन'. 'मालक बदल' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते संक्षिप्त रूप आहे. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकातही ही आज्ञा होती.

तिसरी चूक: परका हजेरीपट

ही चूक सर्वांत फसवी आहे. लिनक्स बसवणारा कार्यक्रम स्वतःच एक छोटे लिनक्स असते. ते पेन ड्राइव्हवरून किंवा जाळ्यावरून येते आणि यंत्राच्या स्मृतीत चालते. नवी प्रणाली डिस्कवर हळूहळू उभी राहत असते. याचा अर्थ त्या वेळी यंत्रात दोन हजेरीपट असतात. एक बसवणाऱ्याचा आणि एक नव्या प्रणालीचा.

'हे फोल्डर सुनीताच्या मालकीचे कर' अशी आज्ञा दिली, तर यंत्र कोणता हजेरीपट उघडेल? जो चालू आहे तो, म्हणजे बसवणाऱ्याचा. त्यात सुनीता नसते. यंत्र 'असे कोणी नाही' म्हणून थांबते. हे त्यातल्या त्यात बरे. पण आज्ञेत एखाद्या सेवेचे नाव असेल आणि त्या नावाची सेवा दोन्ही हजेरीपटांत वेगवेगळ्या क्रमांकांनी असेल, तर चुकीचा क्रमांक मुकाट्याने लिहिला जातो.

यासाठी आज्ञा नव्या प्रणालीच्या आत शिरून द्यावी लागते. 'आता या फोल्डरलाच संपूर्ण जग समज' असे यंत्राला सांगण्याची सोय लिनक्समध्ये आहे. किकस्टार्टमधील शेवटच्या टप्प्याच्या आज्ञा, वेगळे सांगितले नाही तर, अशा आतूनच चालतात. डेबियनमध्ये शेवटची आज्ञा बाहेरून चालते. ती आतून चालावी म्हणून तिच्याआधी 'इन-टार्गेट' असा शब्द लिहावा लागतो.

मग नियम कोणते?

या तिन्ही चुकांतून काही सोपे नियम निघतात.

एक: प्रत्येक माणसाचा क्रमांक कायमचा ठरवून यादीत लिहून ठेवा आणि उत्तरपत्रिकेत नावासोबत तो क्रमांक द्या. किकस्टार्ट आणि प्रीसीड या दोन्हींत तशी सोय आहे.

दोन: शाळा सोडून गेलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. नवीन आलेल्याला यादीच्या शेवटी जागा द्या. क्रमांकांचा तुटवडा नाही, हे आपण पाहिलेच.

तीन: आधी खाती उघडा, मग फाइली ठेवा आणि सर्वांत शेवटी नव्या प्रणालीच्या आतून मालकी सोपवा.

चार: काम झाल्यावर तपासणी करा. ज्या फाइलींच्या क्रमांकाला हजेरीपटात कोणी नाही, अशा पोरक्या फाइली शोधून देण्याची सोय लिनक्सच्या 'फाइंड' या आज्ञेत आहे. अशी एक जरी फाइल सापडली, तरी कुठेतरी क्रमांक सरकले असण्याची शक्यता तपासून पाहावी. मात्र सुनीताच्या फाइलीसारख्या, चुकीचा का होईना पण मालक मिळालेल्या फाइली या तपासणीत सापडत नाहीत. म्हणून दोनचार खात्यांनी स्वतः प्रवेश करून पाहणेही आवश्यक आहे.

पाच: उत्तरपत्रिकेत पासवर्ड उघड लिहू नका. त्याचे सांकेतिक रूप लिहिता येते, आणि ती फाइलही कुलपातच ठेवावी.

यंत्रे शेकड्यांनी असतील, तर प्रत्येकावर वेगळा हजेरीपट ठेवण्याऐवजी जाळ्यातील एकाच यंत्रावर सर्वांचा मिळून एक हजेरीपट ठेवतात आणि बाकीची यंत्रे त्यालाच विचारतात. तरीही सेवांची खाती ज्या त्या यंत्रावरच राहतात, तेव्हा पहिला नियम त्यांच्या बाबतीत लागू राहतोच.

करून पाहा

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने आज्ञा देण्याची खिडकी उघडा. 'आय' आणि 'डी' ही दोन लहान इंग्रजी अक्षरे टंकित करून एंटर दाबा. तुमचा स्वतःचा क्रमांक दिसेल. मग 'एल' आणि 'एस' ही अक्षरे, एक मोकळी जागा, वजाचे चिन्ह आणि 'एल' असे टंकित करा. फाइलींसमोर मालकांची नावे दिसतील. आता शेवटच्या 'एल'ऐवजी 'एन' टंकित करा. नावे जाऊन त्यांच्या जागी आकडे येतील. डिस्कवर खरोखर काय लिहिलेले आहे, ते तुम्ही आता पाहत आहात.

संगणक नसेल तरी बिघडत नाही. शिक्षकांनी आठ मुलांच्या वह्यांवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावाव्यात, यादीतील तिसरे नाव खोडून क्रमांक नव्याने द्यावेत आणि वह्या वाटाव्यात. नंतर हाच खेळ दुसऱ्या नियमाप्रमाणे खेळावा. दोन्ही वेळा किती वह्या चुकीच्या हाती गेल्या, ते फळ्यावर लिहावे.

विचार करा

१. वरील खेळात पहिल्या वेळी किती मुलांना दुसऱ्याची वही मिळेल? तिसऱ्याऐवजी आठवे नाव खोडले तर?

२. फाइलींची जुडी बांधून ठेवणारा 'टार' हा कार्यक्रम मालकाचे नाव आणि क्रमांक दोन्ही लिहून ठेवतो. रूट ती जुडी सोडतो तेव्हा तो आधी नाव जुळवून पाहतो आणि नाव सापडले नाही तरच क्रमांक वापरतो. हवे तर क्रमांकच पाळण्यास त्याला सांगताही येते. सुनीताच्या वर्गाच्या फाइली अशा जुडीतून नव्या यंत्रावर आणल्या असत्या, तर काय झाले असते? आणि बंद पडलेले यंत्र पेन ड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करून त्याच्याच डिस्कवर जुडी सोडायची असेल, तर नाव पाळावे की क्रमांक? का?

३. फाइलीसोबत क्रमांकाऐवजी नावच लिहिले असते, तर एखाद्या वापरकर्त्याचे नाव बदलल्यावर कोणती अडचण आली असती?

तिसऱ्या प्रश्नाचा विचार केलात, की ध्यानात येईल की क्रमांकांची योजना मुळीच वाईट नाही. नाव बदलले तरी हजेरीपटातील एक ओळ बदलून काम भागते. अट एवढीच, की एकदा दिलेला क्रमांक कोणी हलवू नये. यंत्र दिलेली आज्ञा निमूटपणे पाळते; सुनीताची वही सुनीताच्याच हाती पडावी, ही काळजी मात्र उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या माणसालाच वाहावी लागते.